ईआरसीपीच्या खोलीत नव्यानं रुजू होताना

पित्ताशयातला खडा काढणं आणि पित्तनलिकेतला खडा काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच उडतो. पित्ताशय सर्जन लॅप्रोस्कोपीनं काढतात. खडा घसरून नलिकेत अडकला, तर तोंडातून दुर्बीण घालून तो काढायचा, ती ईआरसीपी. दुर्बिणीतून नलिकेचं तोंड कापायची पद्धत १९७४ ची, जर्मनी आणि जपानमध्ये जवळपास एकाच वेळी सुरू झालेली. हत्यारं सुधारली, युक्ती तीच आहे.

विदर्भात काम करणार असाल तर आधी सिकलसेल समजून घ्या: हा रक्ताचा आनुवंशिक आजार, रक्तपेशी फुटत राहिल्यानं यात कमी वयातच खडे होतात. गडचिरोली-चंद्रपूरकडचा विशीतला पेशंट खडे घेऊन आला की सिकलसेलचा रिपोर्ट विचारायचाच. रक्तपेशी सतत फुटत असल्यानं त्याचे डोळे एरवीही पिवळसर असतात, म्हणून नुसत्या पिवळेपणावर जाऊ नका; डायरेक्ट बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज (नलिका तुंबली की रक्तात वाढणारे घटक) वाढलंय का, सोनोग्राफीत नलिका फुगलीय का, ते बघा. असा पेशंट रात्रीपासून उपाशी राहून, एसटीनं तीन-चार तास प्रवास करून आला तर कोरडा पडतो आणि सिकलसेलचा त्रास उफाळतो. सलाइन आधी सुरू करा, ऑक्सिजन लावा आणि एसीच्या खोलीत अंगावर ब्लँकेट घाला. साध्या पेशंटलाही जेवण ६ तास बंद पुरे, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं.

कावीळ जुनी असेल, झाडपाल्यात महिना गेला असेल, तर व्हिटॅमिन के कमी पडून रक्त गोठत नाही. आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) १.५ च्या वर असताना कापायला घेऊ नये. थंडी वाजून ताप असेल तर मात्र ती नलिकेतली पू-बाधा समजा. अँटिबायोटिक लगेच, आणि प्रोसिजर पुढच्या सोमवारवर ढकलायची नाही. अशा वेळी न कापता नुसता स्टेंट (नलिकेत ठेवायची बारीक नळी) टाकूनही पू वाहता करता येतो.

आता टेबलाशेजारचं काम. कॉन्ट्रास्ट (एक्स-रेवर नलिका दिसावी म्हणून आत सोडायचं औषध) सलाइनमध्ये निम्मं पातळ करा. दाट कॉन्ट्रास्टमध्ये छोटे खडे बुडून दिसेनासे होतात. सिरिंज आणि कॅथेटरमधली हवा पूर्ण काढा, कारण एक्स-रेवर बुडबुडा हुबेहूब खड्यासारखा दिसतो आणि नसलेल्या खड्यामागे अर्धा तास जातो. गाइडवायर (जिच्यावरून हत्यारं नलिकेत सरकवतात ती तार) ओल्या गॉजनं पुसत राहा, सुकली की अडकते. हत्यार बदलताना डॉक्टर जेवढं मागे ओढतील तेवढीच वायर तुम्ही त्याच वेगानं आत सारायची, नजर स्क्रीनवर. कष्टानं नलिकेत गेलेली वायर इथे निसटली, की सगळं पहिल्यापासून.

वायर पुन्हा पुन्हा स्वादुपिंडाच्या नलिकेत गेली की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो. ५ प्रयत्न, ५ मिनिटं किंवा तिकडे दुसऱ्यांदा गेलेली वायर, यापैकी काहीही झालं तर केस अवघड समजून पद्धत बदलायची. ही सूज टाळायला, अडचण नसेल तर, इंडोमेथासिनची १०० मिलिग्रॅम सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची गोळी) ठरलेलीच. ती द्यायची आठवण सिस्टरनंच करून द्यावी.

खडा १५ मिलिमीटरच्या वर असेल तर साधी बास्केट (खडा पकडायची तारेची जाळी) घालण्याआधी लिथोट्रिप्टर (खडा फोडायचं हत्यार) खोलीत आहे का ते पाहा. बास्केटमध्ये खडा पकडला, तो नलिकेच्या तोंडातून बाहेर येईना आणि बास्केट सुटेना, हा प्रकार घाम फोडतो. जमत नसेल तर स्टेंट टाकून थांबणं यात कमीपणा नाही. सिकलसेलचे काळे खडे मात्र बहुधा लहान असतात, चुराही होतात. बलून दोन-तीनदा फिरवून नलिका स्वच्छ झाल्याची खात्री करा.

संध्याकाळी पोट पाठीपर्यंत दुखलं तर लायपेज (स्वादुपिंडाच्या सुजेची रक्ततपासणी) पाठवा. मानेवर बोट दाबून चरचर लागली तर आतडं फुटल्याची शंका घ्या आणि सर्जनला बोलवा. काळी शौच आठवड्यानंतरही होऊ शकते, हे घरच्यांना डिस्चार्जच्या दिवशीच सांगा.

पेशंटांची खरी गळती डिस्चार्जनंतर होते. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा, नाहीतर तो तुंबतो. पण कावीळ उतरली की माणूस म्हणतो, "आता कायले येऊ?" पेरणी किंवा कापूस वेचणी आली की तारीख गेलीच. त्यामुळे स्टेंटचं वेगळं रजिस्टर ठेवा: टाकल्याची तारीख, काढायची तारीख, दोन मोबाइल नंबर (एक शेजाऱ्याचा), गावच्या आशाताईंचा नंबर. कार्डावर "पोटात नळी आहे" असं मराठीत ठळक लिहा. पित्ताशय अजून आतच असेल तर तेही त्याच कार्डावर, ऑपरेशनच्या तारखेसह. शक्यतो दोन आठवड्यांच्या आतली. जनआरोग्य योजनेचे कागद अपुरे असतील तर पेशंट वॉर्डात असतानाच आरोग्यमित्राकडून (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) पूर्ण करून घ्या.