टीम नदीकाठच्या आठवणी नोंदवून ठेवताना

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात किंवा आठवड्याचा बाजार भरणाऱ्या लहान गावात आपण राहत असाल, तर शेजारी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या कुणी आजी किंवा आजोबा असण्याचा संभव मोठा आहे. त्यांच्यापैकी कित्येकांच्या लहानपणी घरात वीज नव्हती, पाणी परसातल्या पंपावरून भरावे लागे आणि सोमवार हा धुण्याचा दिवस असे. हे सारे स्वतः भोगलेली ही शेवटची पिढी आहे. त्यांच्या आठवणी टिपायला इतिहासाची पदवी लागत नाही. तयारी आणि सबुरी लागते. वूस्टरशर, श्रॉपशर आणि हेरिफर्डशर या तीन काउंट्यांच्या सीमा जिथे जवळ येतात, त्या टीम नदीकाठच्या टेनबरी वेल्सच्या परिसरात मी हे काम करत आले आहे, म्हणून उदाहरणे तिथलीच देते.

आपण बाहेरून आलो आहोत, याचा संकोच बाळगू नये. गावातलाच माणूस विचारायला गेला, तर ‘तुला ठाऊकच आहे’ असे म्हणून पुष्कळ गोष्टी गाळल्या जातात; आपल्याला काहीच ठाऊक नाही हे समोरच्याला माहीत असल्यामुळे आपल्याला मात्र सगळे मुळापासून सांगितले जाते.

पहिल्या भेटीला जाताना प्रश्नांची यादी नेण्यापेक्षा नकाशा न्यावा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचे जुने नकाशे इंटरनेटवर विनामूल्य पाहायला ठेवले आहेत, आणि त्यांत इंग्लंडचेही आहेत. मैलाला पंचवीस इंच या प्रमाणाच्या नकाशात घर, विहीर, लोहारशाळा, रेल्वेचा फाटा असे सगळे दिसते. तो मोठ्या कागदावर छापून टेबलावर पसरावा आणि शाळेत जाण्याची वाट बोटाने दाखवायला सांगावे. बोट चालू लागले की आठवणी आपोआप मागे येतात: कोणत्या कुंपणात ब्लॅकबेरी मिळत, कोणत्या दारातला कुत्रा अंगावर येई, पूर आला की नदी कोणत्या पायरीपर्यंत चढे.

‘तेव्हाचे जीवन कसे होते?’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर ‘कष्टाचे होते, पण आम्ही आनंदात होतो’ यापलीकडे सहसा जात नाही. विचारायचे ते वस्तूंविषयी आणि हातांनी केलेल्या कामांविषयी. आमच्या भागात सप्टेंबर हा हॉप्स खुडण्याचा महिना. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची फुले. त्यासाठी ब्लॅक कंट्री या बर्मिंगहॅमजवळच्या औद्योगिक भागातून आणि साउथ वेल्समधून बायका मुलाबाळांसह येत आणि आठवडेच्या आठवडे शेतावर मुक्काम करत. माझ्या शेजारच्या आजींना मी सुरुवातीला त्या दिवसांविषयी मोघम विचारले, तेव्हा त्या दोन वाक्यांत थांबल्या. पुढच्या भेटीत ‘फुले कशात टाकत होता?’ एवढेच विचारले, आणि पाऊण तास त्या बोलत राहिल्या. क्रिब म्हणजे लाकडी चौकटीला गोणपाटाची झोळी बांधून केलेले, लांबट पाळण्यासारखे साधन. मोठी माणसे त्यात खुडत, आणि लहान मुलांना उलटी उघडलेली छत्री दिलेली असे. मजुरी बुशेलच्या मापावर मिळे. माप घेणारा टोपली घेऊन येताना दिसला की आजींची आई कोपरापर्यंत हात झोळीत घालून फुले अलगद उकलून वर आणी, कारण दबलेली फुले मापात कमी भरत. हे सांगताना आजींनी स्वतःचे दोन्ही हात टेबलाखालून वर उचलून दाखवले. खुडून खुडून बोटे काळी पडत आणि पावाला तोच कडूपणा लागे, हेही त्यातच आले.

असे हातवारे ध्वनिमुद्रणात येत नाहीत, म्हणून वही जवळ ठेवून त्या क्षणी ते लिहून घ्यावेत. मुद्रणाला साधा मोबाइल पुरतो, पण दोन ठेवावेत. एक बंद पडला तर गेलेली गोष्ट तशीच पुन्हा सांगितली जात नाही. लंबकाचे घड्याळ आणि फ्रीज यांपासून दूर बसावे, सुरुवातीला तारीख व ठिकाण स्वतः उच्चारावे, आणि एका बैठकीला तासापेक्षा अधिक वेळ घेऊ नये. समोरची व्यक्ती बोलता बोलता थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. माझ्या अनुभवात त्या स्तब्धतेनंतर येणारे वाक्यच बहुतेक वेळा सगळ्यांत मोलाचे असते.

साल विचारल्याने माणूस गडबडतो. त्याऐवजी ओळखीच्या खुणा द्याव्यात. १९४७ च्या हिवाळ्यातले हिमाचे ढीग, फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळ्या-चॉकलेटांवरचे रेशन उठणे, त्याच वर्षी २ जूनला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक, १९६२ च्या नाताळानंतर पडलेला आणि मार्चपर्यंत न हटलेला बर्फ, आणि १५ फेब्रुवारी १९७१ रोजी बदललेली नाणी. घटना यांच्या आधीची की नंतरची, एवढे ठरले तरी पुरे. रकमा मात्र सांगितल्या तशाच लिहाव्यात: बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पाउंड. ज्यांच्या घरात १९५७ पूर्वीच्या आण्यांच्या गोष्टी निघतात, त्या मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाणार नाही.

शब्दांच्या बाबतीत फार सावध राहावे लागते. गावातल्या वृद्धांच्या बोलण्यात ‘डिनर’ म्हणजे पुष्कळदा दुपारचे जेवण आणि ‘टी’ म्हणजे संध्याकाळचे. ‘कॉर्न’ म्हणजे मका नव्हे, तर गहू, सातू, ओट यांसारखे शेतातले धान्य. हे न कळता मराठी केले, तर त्या शेतकऱ्याने आयुष्यात न पेरलेले पीक आपण त्याच्या नावावर चढवू. स्थानिक शब्द मूळ रूपातच ठेवावा आणि अर्थ एकदाच सांगावा.

ऐकलेले ताडून पाहावे, पण ते सांगणाऱ्याला खोटे पाडण्यासाठी नव्हे. काउंटीच्या अभिलेखागारात जुन्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी लिहिलेल्या रोजच्या नोंदी पाहायला मिळतात, आणि आमच्याकडच्या नोंदींत हॉप्सच्या हंगामासाठी दिलेली सुटी स्पष्ट दिसते. शेतांची नावे हवी असल्यास टाइद म्हणजे चर्चच्या दशांशासाठी १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेले नकाशे व त्यांचे तक्ते पाहावेत. घराघरातल्या माणसांच्या नोंदींत मात्र मोठे खिंडार आहे. इंग्लंड व वेल्सच्या १९३१ च्या जनगणनेची कागदपत्रे १९४२ साली आगीत जळाली, १९४१ साली युद्धामुळे जनगणना झालीच नाही, आणि १९५१ ची कागदपत्रे २०५२ पर्यंत खुली होणार नाहीत. युद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय नोंदणीची वही तेवढी मधे आहे. त्या काळात कोणत्या घरात कोण राहत होते, हे पुष्कळदा अशा आजीच सांगू शकतात.

परवानगी लेखी घ्यावी. ब्रिटिश कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रित झालेल्या बोलण्याचा स्वामित्वहक्क बोलणाऱ्याकडेच असतो, म्हणून ते कुठे ठेवायचे, कुणी ऐकायचे आणि नाव द्यायचे की नाही, हे त्यांनीच ठरवावे. हयात शेजाऱ्यांविषयी काही बोलले गेले असेल, तर तो भाग वेगळा काढून त्यांना पुन्हा विचारावा.

हेच सारे आपल्या माणसांनाही लागू आहे. १९६० च्या दशकात भारतातून आलेल्या डॉक्टरांपैकी पुष्कळांनी औद्योगिक शहरांत आणि खाणींच्या गावांत दवाखाने चालवले, आणि त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्या घरांतल्या काकूंना पहिल्या हिवाळ्यातल्या स्वयंपाकघराविषयी अवश्य विचारावे, आणि ते मराठीतच ध्वनिमुद्रित करावे.

मसुदा तयार झाला की तो सांगणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावा. मी आजींच्या मजकुरात एके ठिकाणी ‘हॉप गार्डन’ असे लिहिले होते. त्यांनी हात वर करून मला थांबवले: ते केंटकडचे बोलणे, आमच्याकडे ‘हॉपयार्ड’. तो शब्द मी त्यांच्यासमोरच बदलला. अंतिम प्रत त्यांच्या नातवंडांना द्यावी, दुसरी ध्वनिमुद्रणासह काउंटीच्या अभिलेखागाराला त्यांच्या संमतीने द्यावी, आणि ज्यावर त्यांचे बोट फिरले तो नकाशा, पेन्सिलीच्या खुणांसकट, त्याच पाकिटात ठेवावा.