सेवानोंद आणि पदकांच्या दुरुस्तीचा अर्ज: पाठवण्याआधीची तयारी

माजी सैनिकांनो, अर्ज लिहायला बसण्याआधी डिस्चार्ज बुक (निवृत्त होताना मिळालेले सेवेचे पुस्तक), मूळ पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), त्यानंतर आलेले सगळे सुधारित पीपीओ, आधार, पॅन, बँकेचे पासबुक आणि ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) कार्ड एकत्र मांडा. कोऱ्या कागदावर तक्ता आखा. आडव्या ओळीत एकेका कागदाचे नाव लिहा. उभ्या रकान्यांत स्वतःचे नाव, जन्मतारीख, पत्नीचे नाव आणि तिची जन्मतारीख, मुलांची नावे, भरती व निवृत्तीची तारीख, हुद्दा आणि पदके घ्या. प्रत्येक कागदावर जसे छापले आहे तसेच, स्पेलिंगसकट उतरवा, मनाने काहीही सुधारू नका. एका चुकीसाठी सुरू केलेल्या तपासणीत दुसरी हमखास सापडते, आणि ती अर्जानंतर सापडली तर सगळी वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागते.

मग प्रत्येक चूक कोणत्या जातीची आहे ते ठरवा. स्पेलिंग, उलटसुलट झालेली नावे, चुकलेली तारीख या लेखनिकाच्या चुका. पत्नीची वा मुलाची नोंदच नसणे, मिळायला हवे ते पदक पुस्तकात नसणे या राहून गेलेल्या नोंदी. या दोन्ही रेकॉर्ड ऑफिसच्या, म्हणजे आपल्या रेजिमेंट वा कोअरच्या नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयाच्या, हातातल्या आहेत. तिसरी जात वेगळी आहे. डिस्चार्जचे कारण, चारित्र्याचा शेरा, अपंगत्व सेवेमुळे आले की नाही यावरचा वैद्यकीय मंडळाचा निकाल हे सगळे निर्णय आहेत. त्यांच्याविरुद्ध अपील करावे लागते, दुरुस्तीचा अर्ज तिथे चालत नाही. दोन्ही मागण्या एका पत्रात घातल्या की सोपी दुरुस्तीही अवघड निर्णयाबरोबर अडकून पडते.

पुढचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: ही चूक पहिल्यांदा कुठे लिहिली गेली? पीपीओवर पत्नीचे नाव चुकीचे असेल तर लोक बँकेत जातात, नाहीतर निवृत्तिवेतन मंजूर करणाऱ्या प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयाला थेट लिहितात. पण पीपीओ बनतो रेकॉर्ड ऑफिसने पाठवलेल्या माहितीवरून, आणि रेकॉर्ड ऑफिस बघते शीट रोल (भरतीपासूनची सेवेची नोंद), किंड्रेड रोल (कुटुंबीयांची नोंद) आणि पार्ट टू ऑर्डर (नोंदीतल्या बदलाचा आदेश). लग्न, मुलाचा जन्म, नावातला बदल, बढती, पदक यांतली प्रत्येक गोष्ट युनिटने पार्ट टू ऑर्डर काढल्यावरच नोंदीत चढते. तिथे चूक तशीच राहिली तर वरच्या कागदावर केलेली दुरुस्ती टिकत नाही, पुढच्या पडताळणीत जुने नाव परत येते. म्हणून अर्जात ‘पीपीओ दुरुस्त करावा’ एवढेच लिहू नका. मूळ नोंद दुरुस्त करून पार्ट टू ऑर्डर काढावी आणि त्यानुसार सुधारित पीपीओसाठी प्रस्ताव पाठवावा, असे दोन्ही मागा.

पत्ता बरोबर हवा. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात, गार्ड्सचे कामठीला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे अहिल्यानगरला आहे. नौसैनिकांचे काम मुंबईत मानखुर्दला, वायुसैनिकांचे दिल्लीत सुब्रतो पार्कला चालते, आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या नोंदी दिल्लीत सेना मुख्यालयाकडे असतात. सेवेत कोअर बदलली असेल तर शेवटच्या कोअरच्या रेकॉर्डला लिहा, पण जुना सैनिकी नंबर आणि जुनी कोअरही नमूद करा. नंबर लिहिताना शेवटचे इंग्रजी अक्षर सोडू नका. ते अक्षर नंबर तपासण्यासाठीच असते, आणि ते चुकले की कागद दुसऱ्याच्या फाइलकडे जातो किंवा परत येतो.

नावांच्या घोळात आपल्या भागाचे काही खास प्रकार आहेत. ‘ज्ञानेश्वर’चे इंग्रजी स्पेलिंग आपण डी-एन-वायने सुरू करतो, उत्तरेकडचा लेखनिक जी-वायने. ‘जाधव’ कुठे व्हीने संपतो, कुठे ओने. भरतीच्या वेळी आडनाव आधी लिहिले गेले आणि आधारवर शेवटी आले. पण सगळ्यांत जास्त त्रास होतो तो लग्नात बदललेल्या नावाचा. जवानाने किंड्रेड रोलमध्ये माहेरचे नाव दिले, गावात रेशनकार्डापासून मतदार यादीपर्यंत सासरचे नाव लागले, आणि जवान गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी दोन वेगळ्या बायका असल्यासारखी फाइल उभी राहते. हे काम दोघे हयात असतानाच उरकावे, कारण तेव्हा पतीचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र जोडता येते.

त्या प्रतिज्ञापत्रात लग्नाची तारीख, माहेरचे पूर्ण नाव, सासरचे पूर्ण नाव, सैन्याच्या नोंदीत सध्या काय आहे आणि यापुढे काय हवे, हे पाचही मुद्दे हवेत. नुसते ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे लिहिलेले प्रतिज्ञापत्र पुरावा म्हणून जोडता येते, त्याने नोंद आपोआप बदलत नाही. नोटरीसमोरचे चालेल की न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचे लागेल, हे आधी विचारून घ्या. पूर्ण नाव बदलायचे असेल तर वर्तमानपत्रातली जाहिरात आणि राजपत्रातली नोंद यांचीही तयारी ठेवा. जाहिरातीत, राजपत्रात आणि प्रतिज्ञापत्रात नाव अक्षर न् अक्षर सारखे हवे. छापायला देण्याआधी स्पेलिंग मोठ्याने वाचून दाखवा.

जन्मतारखेबद्दल स्पष्ट सांगायला हवे. माजी सैनिकाची स्वतःची जन्मतारीख भरतीच्या कागदावर आहे तीच धरली जाते आणि निवृत्तीनंतर ती बदलून मिळण्याची आशा जवळजवळ नसते. आधारवर वेगळी तारीख असेल तर सेवेच्या कागदांच्या आधारे आधार दुरुस्त करून घ्या. पत्नीच्या तारखेचे तसे नाही. किंड्रेड रोलमध्ये नुसते वर्ष किंवा अंदाजे वय, शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी घातलेली १ जून आणि आधारवर १ जानेवारी, असा प्रकार सर्रास दिसतो. ही तारीख पैशाशी बांधलेली आहे. वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यापासून मूळ कुटुंब निवृत्तिवेतनात २० टक्के, ८५ पासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० आणि १०० वर्षे पूर्ण झाल्यावर १०० टक्के वाढ मिळते. पीपीओवर पत्नीची तारीखच नसेल तर ही वाढ आपोआप लागत नाही. शाळा सोडल्याचा दाखला फक्त मराठीत असेल तर त्याचे साक्षांकित इंग्रजी भाषांतर जोडा, कारण सागरच्या किंवा दिल्लीच्या टेबलावर तो वाचता येईलच असे नाही. घरात कायमचे अपंगत्व असलेले अपत्य असेल तर त्याची नोंद आणि वैद्यकीय प्रमाणपत्र याच वेळी पुढे सरकवा.

पदकांसाठी वेगळा अर्ज करा. हे काम रेकॉर्ड ऑफिसमध्ये वेगळ्या टेबलावर चालते. इथेही आधी फरक ओळखा. काही पदके ठराविक काळातल्या, बहुधा ठराविक जागच्या, सेवेची अट पुरी करणाऱ्या प्रत्येकाला मिळतात: १९६५ चे समर सेवा स्टार आणि रक्षा पदक, १९७१ चे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक, श्रीलंकेतल्या सेवेचे क्लास्प (पदकाच्या फितीवरची पट्टी), सियाचिनचे पदक, कारगिलचे ऑपरेशन विजय स्टार व पदक. स्वातंत्र्याच्या २५ व्या आणि ५० व्या वर्षाची पदके त्या त्या वेळी, म्हणजे १९७२ आणि १९९७ मध्ये, सेवेत असलेल्यांना मिळाली. सेवेची ९, २० आणि ३० वर्षे पूर्ण झाल्याची पदकेही याच गटातली. ‘लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट’ आणि ‘मेरिटोरियस सर्व्हिस’ मात्र मर्यादित संख्येत, निवड होऊन दिली जातात. नुसती वर्षे भरली म्हणून ती मागता येत नाहीत.

हक्काचे पदक राहून जाण्याची कारणे बहुधा साधी असतात. जवान त्या काळात दुसऱ्या युनिटला अटॅच होता आणि कुठल्याच युनिटच्या यादीत चढला नाही. जखमी किंवा आजारी होऊन रुग्णालयात गेला आणि तिथून परस्पर दुसरीकडे बदली झाली. पदक मंजूर झाले तेव्हा तो निवृत्त होऊन गावी आला होता. म्हणून अर्जात पदकाच्या नावाबरोबर युनिट, कंपनी किंवा बॅटरी, ठिकाण आणि कधीपासून कधीपर्यंत हे लिहा. पुराव्यासाठी डिस्चार्ज बुकातले बदल्यांचे पान, त्या काळातली मूव्हमेंट ऑर्डर, रुग्णालयाचे डिस्चार्ज स्लिप, फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेले जुने पाकीट, जे असेल ते जोडा. तारखा पक्क्या नसतील तर बनवू नका, ‘डिसेंबर १९७१ च्या पहिल्या पंधरवड्यात’ असे लिहा. युनिट आजही असेल तर त्याच्या कमांडिंग ऑफिसरला पत्र लिहून त्या काळच्या तैनातीचे प्रमाणपत्र मागा. सोबतच्या साथीदाराची साक्ष आधाराला चालते, पण एकट्या साक्षीवर पदक चढत नाही.

शौर्यपदकाची वाट निराळी. त्याची शिफारस त्या वेळी युनिटकडून वर जाते आणि मंजुरीची अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापून येते. राजपत्रात नाव आहे पण पुस्तकात नाही, अशी स्थिती असेल तर राजपत्राच्या तारखेसह अर्ज करा, काम होण्यासारखे आहे. शिफारस झाली होती पण मंजूर झाली नाही, अशा जुन्या प्रकरणात दुरुस्तीच्या अर्जाने काही हाती लागत नाही. आणखी एक बारकावा आहे. सेना मेडल शौर्यासाठीही मिळते आणि विशिष्ट सेवेसाठीही, मासिक भत्ता मात्र शौर्यालाच आहे. पुस्तकात नुसते ‘एसएम’ लिहिलेले असेल तर शौर्याचा उल्लेख घालून घेणे गरजेचे आहे.

अर्ज एका पानात बसवा. वर नंबर, हुद्दा, नाव, पीपीओ क्रमांक, मोबाइल आणि पत्ता. खाली ‘सध्याची नोंद’, ‘हवी असलेली नोंद’, ‘पुरावा’ असे तीन रकाने. पत्नी अर्ज करत असेल तर तिने स्वतःच्या नावाने करावा. अंगठा असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. प्रतींवर स्वतः सही करा आणि मूळ कागद कधीही टपालाने पाठवू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून प्रतिस्वाक्षरी करून, जावक क्रमांकासह पाठवा. थेट गेलेल्या अर्जावर पडताळणीसाठी पुन्हा याच कार्यालयाकडे विचारणा होऊ शकते आणि त्यात महिने जातात. स्वतःकडूनही एक प्रत स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा. डिस्चार्ज बुकच हरवले असेल तर पोलिसांतली हरवल्याची नोंद आणि प्रतिज्ञापत्र देऊन आधी त्याची दुय्यम प्रत मागा.

नोंदीत नेमके काय आहे हेच माहीत नसेल तर अर्जाआधी माहिती अधिकारात स्वतःच्या शीट रोलची, किंड्रेड रोलची आणि संबंधित पार्ट टू ऑर्डरची प्रत मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, पहिले अपील त्यापुढच्या ३० दिवसांत. पेन्शन नसलेल्यांनी उशीर करू नये, कारण त्यांचे सेवेचे कागद २५ वर्षांनी नष्ट केले जातात आणि मग फक्त लाँग रोल या कायम ठेवल्या जाणाऱ्या यादीतली त्रोटक नोंद उरते.

नकार आला तर तो लेखी आणि कारणांसह घ्या. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जाण्याची मुदत अंतिम आदेशापासून ६ महिने आहे. निवेदनाला उत्तरच आले नाही तर ६ महिने थांबून पुढच्या ६ महिन्यांत जाता येते. यासाठीच स्पीड पोस्टच्या पावतीची तारीख लागते. निवृत्तिवेतनाची थकबाकी न्यायालये सहसा दावा दाखल होण्याआधीच्या ३ वर्षांपुरतीच देतात, तेव्हा स्मरणपत्रे पाठवत वर्षानुवर्षे बसणे महाग पडते.

दुरुस्ती मंजूर झाल्याचे पत्र आले की पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख टिपून घ्या, सुधारित पीपीओ संरक्षण खात्याच्या निवृत्तिवेतनाच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर दिसतो का पाहा आणि सुरुवातीच्या तक्त्याशी प्रत्येक अक्षर ताडून बघा. मगच ईसीएचएस कार्ड, बँक आणि सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्र या क्रमाने बदल करून घ्या. पत्नीला आणि एका मुलाला वा मुलीला ‘स्पर्श’चे लॉगिन आणि फाइलची जागा दाखवून ठेवा.