फोर्ट्रानचं मॉडेल दुसऱ्याच्या मशीनवर एका कमांडीत चढवायचं तर

दोनापावला एनआयओत (समुद्रविज्ञानाच्या संस्थेत) म्हणा, ताळगावला युनिव्हर्सिटीत म्हणा, समुद्राची आणि खाड्यांची कॉम्प्युटर मॉडेलं चालवणाऱ्यांची फोर्ट्रान ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा काही सुटत नाही आणि सुटायची गरजही नाही, फास्ट आहे ती. पण मॉडेल दुसऱ्याला द्यायचं म्हटलं की एक झिप, आत मेकफाइल (कोड कसा कंपाइल करायचा त्या सूचना), वर "अडलं तर फोन कर". मग चवथीला तुम्ही गावी माटोळी बांधायला स्टुलावर चढलेले असता आणि फोन येतो, सर नेटसीडीएफ सापडत नाही म्हणतंय.

समजा मांडवी, जुवारी आणि दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा एवढ्याचं भरती-ओहोटीचं मॉडेल आहे, कोड फोर्ट्रानचा, आउटपुट नेटसीडीएफ (डेटाचा फाइल फॉरमॅट, त्याची लायब्ररीही लागते). माझं मत सरळ आहे, कोंडा पॅकेज करा, कोंडा हा प्रोग्राम ते लागणाऱ्या लायब्रऱ्यांसकट एका कमांडीत चढवतो. पायथनचं व्हील (पायथनचं स्वतःचं पॅकेज) तेव्हा बरं जेव्हा फोर्ट्रानचा लहानसा तुकडा पायथनमधून इम्पोर्ट करायचाय. सुटा एक्झिक्युटेबल आणि मागे नेटसीडीएफ, एचडीएफ५ (डेटा फाइलींसाठी), लॅपॅक (गणितासाठी), एमपीआय (अनेक प्रोसेसरांवर एकत्र चालवण्यासाठी) अशी लायब्रऱ्यांची वरात असली की कोंडाच, कारण तिथे कंपाइलर आणि लायब्रऱ्या एकाच घरच्या मिळतात. फोर्ट्रानमध्ये याला फार महत्त्व, जीफोर्ट्रान या मोफत कंपाइलरने केलेली मॉड्यूल फाइल इंटेलचा कंपाइलर वाचत नाही, आणि जीफोर्ट्रानच्याच दोन व्हर्जनांचं आपसात जमेल याचीही खात्री नाही.

पॅकेज राहूदे, आधी मेकफाइल साफ करा. होम डिरेक्टरीचे पाथ, यूएसआर लोकलचे पाथ सगळे काढा, नेटसीडीएफ कुठे आहे ते त्याच्यासोबत येणाऱ्या एनएफ-कॉन्फिग कमांडीला विचारा, जमत असेल तर मेकफाइल सोडून सरळ सीमेक या बिल्डच्या हत्यारावर या. कंपाइलरचं नाव आणि फ्लॅग बाहेरून घ्यायचे, मेकफाइलमध्ये ठोकून ठेवायचे नाहीत. आणि 'मार्च नेटिव्ह' हा फ्लॅग दिसला की उडवा! तो तुमच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवतो, जुन्या मशीनवर तेच पॅकेज 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरतं आणि समोरच्याला वाटतं मॉडेलच बिघडलंय. जुना कोड असेल तर अजून एक, जीफोर्ट्रान १० पासून सबरूटीनच्या आर्ग्युमेंटचा टाइप जुळला नाही की थेट एरर येते, आधी वॉर्निंगवर भागायचं. ती एरर दाबायला फ्लॅग आहे, पण कॉल दुरुस्त केलेला बरा, दाबलेली गोष्ट पुढे कुठेतरी चुकीचा आकडा होऊन बाहेर येते.

आता रेसिपी, म्हणजे कोंडा पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी फाइल. त्यात तीन खण असतात आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. बिल्डमध्ये कंपाइलर, सीमेक, मेक, म्हणजे बांधताना चालणारी हत्यारं. होस्टमध्ये ज्यांच्याशी लिंक करायचंय त्या लायब्रऱ्या, नेटसीडीएफ-फोर्ट्रान वगैरे. रनमध्ये चालवताना लागणारं, पण होस्टमधल्या बऱ्याच लायब्रऱ्या आपल्या जुळणाऱ्या व्हर्जनची अट रनमध्ये आपोआप घालतात, तेव्हा तिथे हाताने आकडे लिहीत बसू नका. एक्झिक्युटेबल प्रीफिक्सच्या (पॅकेज जिथे चढतं त्या फोल्डरच्या) बिनमध्ये, सॅम्पल इनपुट शेअरमध्ये. बांधून झालं की लिनक्सची एलडीडी कमांड चालवून बघा, प्रोग्राम कुठली लायब्ररी कुठून घेतो ते ती दाखवते, एखादी लायब्ररी सिस्टिमच्या फोल्डरातून येताना दिसली तर ती होस्टमध्ये लिहायची राहिलीय. जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, तेवढी सिस्टिमचीच असते, ती जुन्यावर बांधलेली नव्यावर चालते, उलट नाही, म्हणूनच कोंडा-फोर्ज या कोंडा पॅकेजांच्या सामुदायिक साठ्याचे कंपाइलर मुद्दाम जुनी जीलिबसी धरून बांधतात.

एमपीआय असेल तर पहिलं पॅकेज एमपीआयशिवाय काढा, लॅपटॉपवाल्यांना तेच हवं असतं. नंतर एमपिच आणि ओपनएमपीआय (एमपीआयचे दोन प्रकार) असे वेगळे व्हेरिअंट. क्लस्टरवर मात्र तिथल्या अ‍ॅडमिनला विचारल्याशिवाय कोंडाचा एमपीआय वापरू नका, तिथल्या फास्ट नेटवर्कसाठी त्यांनी स्वतःचा बांधलेला असतो आणि आपला घातला की मॉडेल चालतं खरं पण रांगत. विंडोजवाल्यांना डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) घ्यायला सांगा आणि सुटा.

टेस्टमध्ये नुसतं 'हेल्प' छापून बघण्याला काही अर्थ नाही. छोटी ग्रिड, थोडे तास, एक एम-२ टाइड (चंद्राची दिवसातून दोनदा येणारी मुख्य भरती) सोडा आणि पणजीजवळच्या पॉइंटची पाण्याची पातळी आधी साठवलेल्या उत्तराशी ताडून बघा. ताडताना टॉलरन्स ठेवा, इंटेल आणि अ‍ॅपलच्या चिपवर शेवटचे आकडे थोडे हलणारच. नेटसीडीएफ फाइलींचे चेकसम (फाइलीवरून काढलेला ओळखीचा आकडा) जुळवायला जाऊ नका, फाइलीतल्या हिस्ट्रीच्या नोंदीत रनची वेळ लिहिलेली असली की तेवढ्यावरूनच चेकसम बदलतो.

पाण्याच्या खोलीचा डेटा पॅकेजमध्ये कोंबू नका. जेबकोची (जगभरच्या समुद्राच्या खोलीचा मोफत डेटा) ग्रिड मोठी असते, ती वेगळी डाउनलोड करून चेकसम तपासणारी छोटी स्क्रिप्ट द्या. नौदलाच्या हायड्रोग्राफिक ऑफिसच्या सागरी नकाशावरून (चार्टवरून) खोली डिजिटाइझ केलेली असेल तर वाटायच्या आधी परवानगीचं बघा, कोड तुमचा असला म्हणून चार्ट तुमचा होत नाही.

वाटायचं कुठे? कोड ओपन असेल तर कोंडा-फोर्ज. गिटहबवरच्या त्यांच्या स्टेज्ड-रेसिपीज रिपॉझिटरीत पुल रिक्वेस्ट टाकायची, टॅग केलेल्या रिलीजची लिंक आणि तिचा शा-२५६ चेकसम द्यायचा, लायसन्स फाइल नक्की ठेवायची, त्याशिवाय रिव्ह्यूवाले पुढे सोडत नाहीत. एकदा आत गेलं की तुमचा स्वतःचा फीडस्टॉक (तुमच्या पॅकेजची वेगळी रिपॉझिटरी) होतो आणि नवीन रिलीज आली की बॉटच अपडेटची रिक्वेस्ट उघडतो. जहाजावर किंवा नेट नसलेल्या मशीनवर द्यायचं असेल तर कोंडा-पॅकने अख्खं एन्व्हायर्नमेंट एका टार फाइलीत बांधा, पेनड्राइव्हने न्या, उघडून कोंडा-अनपॅक चालवा म्हणजे आतले पाथ नव्या जागेप्रमाणे बदलतात. दोन्हीकडची ऑपरेटिंग सिस्टिम आणि चिप मात्र एकाच जातीची हवी.

आणि रेसिपीत बदल केला पण कोड तोच असेल तर व्हर्जन नाही, बिल्ड नंबर वाढवायचा. नवं व्हर्जन आलं की तो परत शून्यावर.