कर्णबधिर व्यक्तीचा पोलीस जबाब: या चुका टाळा

पोलीस ठाण्यात सगळ्यात जास्त घात करते ती डोलावलेली मान. साहेब विचारतात, कर्णबधिर माणूस मान हलवतो. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘तुम्ही बोलताय, मी बघतोय’ एवढाच असतो. कागदावर मात्र ‘होय’ उतरतं.

म्हणून दुभाष्याशिवाय जबाब सुरू होऊ देऊ नका. ‘वाचता येतं ना, लिहून विचारू’ हा मार्गही फसवा आहे. खुणांच्या भाषेचं व्याकरण वेगळं असतं. अनेकांना लांबलचक मराठी वाक्यं उलगडत नाहीत. दुभाषी हवा, असा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी मागणीचा माग राहत नाही.

दुसरी चूक आपण मायेपोटी करतो: भावाला नाहीतर आईलाच दुभाषी म्हणून बसवतो. घरातल्या खुणा जेवणखाणाच्या, येण्याजाण्याच्या असतात. ‘संमती’, ‘धमकी’, ‘जामीन’ त्यांत कुठून येणार? आणि आरोपी नात्यातलाच असला तर? लैंगिक गुन्ह्यातली पीडित व्यक्ती दिव्यांग असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपास आणि खटल्याची रीत ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम १७३ प्रमाणे तक्रार तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाषी वा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवायची असते. त्याचं चित्रीकरणही करायचं असतं. असा दुभाषी किंवा शिक्षक शोधायला जवळच्या कर्णबधिर शाळेचा नंबर आजच लिहून ठेवा.

साक्षीदार दिव्यांग असेल तर ठाण्यात येण्याची सक्ती नाही (याच संहितेचं कलम १७९). जायची इच्छा असेल तर जाता येतं. साक्षीदाराच्या पोलीस जबाबावर सही घ्यायचीच नसते (कलम १८१). तक्रारीवर लागते, पण आधी मजकूर खुणांनी समजावून घ्या. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

अटक झाली तर वकिलाच्या खर्चाला घाबरून गप्प बसू नका. दिव्यांग व्यक्तीला मोफत विधी सेवा मिळते, उत्पन्नाची अट नाही. १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर ऐकू येणाऱ्या कुणाला तरी फोन करायला सांगा.

कोर्टातला दुभाषी साक्षीच्या दिवशी मागू नका, आधीच अर्ज करा. खुणांनी दिलेली साक्ष कायद्याने तोंडी पुरावाच आहे. ‘अशा माणसाच्या साक्षीला काय किंमत’ असं कुणी म्हणालं, तर वकिलाला पटन जमाल वली खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल दाखवायला सांगा. त्यात पीडिता अंध होती, आणि केवळ दिव्यांगत्वामुळे साक्ष कमकुवत ठरत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे.