हुतात्मा वैमानिकासाठी समुद्रात पुष्पचक्र: नाशिकहून जाणाऱ्यांनी काय करावं

विमान समुद्रात कोसळलं, तर कधी घरच्यांच्या हाती अस्थीही येत नाहीत. रामकुंडावर विधी झाले तरी समुद्राच्या पाण्यावर एकदा फूल वाहावं, ही ओढ उरतेच. मुंबईचा किनारा नाशिकहून सुमारे १७० किलोमीटर. गाडी, बोट सगळं जमतं. चुकतो तो दिवस.

कोळ्यांचा हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. अष्टमीला साधारण ६, दशमीला साडेसात. त्यानंतर सुमारे सहा तास ओहोटी. भरती ओसरू लागल्यावर तासाभराने चक्र सोडलं, तर पाणी ते बाहेर नेतं. चढत्या पाण्यात सोडलेलं काठाच्या कचऱ्यात परत येतं, आणि घरच्यांना ते बघवत नाही. म्हणून अष्टमी ते दशमी उत्तम: उधाण नसतं, सकाळीच ओहोटी मिळते, दुपारचा वारा सुटायच्या आत परतता येतं. भरतीच्या छापील तक्त्यावरून वेळ पक्की करा. स्मृतिदिन जुळत नसेल तर त्या दिवशी घरी दिवा लावा, समुद्रावर नंतर जा. पावसाळ्यात अजिबात नको.

चक्राला वाळक्या बांबूच्या कांबींचं दीड फुटी कडं, दोन किलो झेंडू, बांधायला केळीचं सोपट. तार, थर्माकोल, सॅटिनची फीत टाळा. हुद्दा आणि नाव केळीच्या पानावर बोथट काडीने कोरा. थोड्या वेळाने अक्षरं काळपट उमटतात. फुलं पाटीत, ओल्या गोणपाटाखाली न्या. बंद डिकीत ती कसारा घाटापर्यंतच वाफेने काळवंडतात.

बोट परवानाधारकच घ्या, प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवंच. नौदलाच्या गोदीकडे कॅमेरा वळवू नका. राष्ट्रध्वज पाण्याला लागू देऊ नये, हा ध्वजसंहितेचा नियम आहे. तो चक्रावर गुंडाळू नका, घडी करून आईच्या किंवा पत्नीच्या हाती राहू द्या. पदकंही घरीच शोभतात.

जागेवर पोचल्यावर तांडेलला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, इंजिन बंद करायला सांगा. वारा ज्या बाजूने येतो, बोटीच्या त्याच बाजूने चक्र सोडा, नाहीतर ते बोटीलाच चिकटून राहतं आणि पुढे पंख्यात सापडतं. फेकू नका. कड्याखालून सुताच्या दोन दोऱ्या घालून सावकाश उतरवा. पाण्याला टेकलं की प्रत्येक दोरीचं एक टोक सोडून दुसरं ओढून घ्या. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ते यानंतर. चक्र पुरेसं दूर गेल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, आणि वळण लांबून घ्या. जवळून वळलं तर बोटीच्या लाटेने ते उलटतं.