लेटरिंगमध्ये यायचंय? मग आधी एक पाटी तडीस न्या

टाइप डिझाइन (म्हणजे फॉन्ट बनवणं), लेटरिंग (म्हणजे हाताने अक्षरं रेखाटणं) करायचंय म्हणणारी बरीच पोरंपोरी मला पोर्टफोलिओ दाखवतात. त्यात बहुतेक वेळा कॅफेंचे लोगो (ते कॅफे मुळात नसतातच), एखादी लग्नपत्रिका आणि एक गणपतीचं पोस्टर. काम वाईट नसतं हो, पण कुणी केलंय ते काही कळत नाही. क्लायंटच्या कामात पैसे देणारा म्हणेल तसंच करायचं असतं, त्यात गैर काही नाही, पण म्हणूनच स्वतःहून घेतलेलं एक तरी काम हवं आणि ते अर्धवट सोडलेलं नको.

मी सायकल दुरुस्तीच्या दुकानाची पाटी घेतली होती. पुण्यात कसबा, शनिवार, रविवार पेठेत हिंडलात तर ब्रशने रंगवलेल्या पाट्या अजून सापडतात, बाकीच्या फ्लेक्सने गिळल्या. दुकानातल्या काकांना विचारून फोटो काढला (विचारा बरं का, पेठ आहे ती) आणि त्यावरून आख्खी वर्णमाला करायला घेतली. आता 'सायकल दुरुस्ती'त व्यंजनं कोणती? स, य, क, ल, द, र, त. एवढी ट्रेस केली की पेंटरकाकांचं काम संपलं. ख, ण, ज्ञ, ळ कसे दिसतील हे सांगायला पुढे कुणी नाही, ते तुम्हीच ठरवायचं, आणि तुमचा हात दिसायला लागतो तो इथेच. ळ ने माझा जाम घाम काढला. तेवढ्याच जाड ब्रशने दोन गोल काढले की मधे रंग साचून नुसता गोळा होतो, गोल मोठे केले तर ळ शेजारच्या अक्षरांना ढकलतो. शेवटी मी उजवा गोल जरा खाली उतरवला आणि आतली रेघ बारीक केली, मूळ पेंटरने असं केलं असतं का माहीत नाही, मला ते पटलं.

कंटाळा येणार हे धरूनच चाला. युनिकोडचा (कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारा तक्ता) देवनागरी ब्लॉक 128 जागांचा, पण जोडाक्षरं धरली की फॉन्टला शेकडो आकार लागतात. हिंदीपेक्षा वेगळे दिसणारे मराठीचे पाकळीचा ल आणि शेंडीफोड्या श विसरू नका. 'वाऱ्यावर', 'क्षितिज', 'किल्ल्यात' असले शब्द टाईप करून प्रिंट काढा, स्क्रीनवर सगळं छानच दिसतं. क्षि ची वेलांटी दंडापर्यंत पोचली नाही की लगेच कळतं.

सुरुवात बोरूने किंवा चपट्या ब्रशने करा, सामान अप्पा बळवंत चौकात मिळतं. फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्टफोर्ज फुकट आहे, ग्लिफ्स विकत घ्यावं लागतं आणि मॅकवरच चालतं, त्यासाठी लगेच ईएमआय काढू नका. 'मुक्त' आणि 'बलू' हे 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, उघडून एकेक अक्षर बघा. विंडोजमुळे वर्षानुवर्षं डोळ्यासमोर राहिलेला 'मंगल' फॉन्ट अक्षररचनाकार र. कृ. जोशींचा, तोही शेजारी ठेवून बघा.

इंटरव्ह्यूत माझे लोगो भराभर मागे गेले आणि बराच वेळ त्या ळ वरच बोलणं झालं, उजवा गोल खाली का, रेघ इथेच बारीक का. म्हणून पोर्टफोलिओत फायनल अक्षराशेजारी आधीचे फसलेले ळ पण लावा, आणि प्रत्येकाखाली तो का सोडला ते एका ओळीत लिहा.