हॉकीत डोक्याला मार लागला, तर खेळ तिथेच थांबवा

१९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघात बेळगावचे बंडू पाटील होते. त्या गावात आजही पोरं हातात स्टिक घेतात, आणि डोक्याला चेंडू लागला की "काय होत नाही, खेळ रे" म्हणणारेही भेटतात. कृपा करून तसं म्हणू नका. मेंदूला धक्का बसायला बेशुद्ध पडावं लागत नाही, वरून टेंगूळही दिसेलच असं नाही.

बघायचं ते त्याच्या वागण्यात. पोरगा उठतो, डोळे मिचकावतो, स्टिकची गोल बाजू पुढे करून उभा राहतो, म्हणजे चेंडू सपाट बाजूनेच मारायचा हेही त्याला सुचत नाही. विचारा: शेवटचा गोल कोणी केला? मागची मॅच कुणाशी झाली? उत्तर अडखळलं, डोकं दुखतंय, गरगरतंय, उजेड सोसत नाही, यातलं एक जरी असलं तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. फायनल असली तरी नाही. उत्तरं बरोबर आली, पण तुमच्या मनात शंका आहे, तरीही नाही.

पुन्हा पुन्हा उलटी, झटका, वाढती डोकेदुखी, मान दुखणं, हातापायात मुंग्या, जाग येत नाही असं काही दिसलं तर १०८ लावा. मान दुखत असेल तर पोराला जागचं हलवू नका.

घरी पहिली रात्र एकटं ठेवू नका. दोन दिवस मोबाईल कमी, घरातल्या घरात चालणं चालेल. मग आधी शाळा, नंतर हळूहळू धावणं. टक्कर होऊ शकेल असा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.